पांढुर्ण्याची पहिली आवृत्ती

पांढुर्ण्याला निघालो असं सांगितलं की पुण्यात लोक विचारायचे, "तिकडे कोण आहे तुमचं?" नागपूरच्या पुढे, मध्य प्रदेशातल्या त्या गावात माझं कोणीच नव्हतं. पोस्टकार्डावर लिहिलेला माझा एक शब्द तेवढा माझ्या आधी तिकडे जाऊन पोहोचला होता, आणि त्याने काय घोळ घातला ते पाहायला मी चाललो होतो. निघताना मात्र मी चांगला ताठ होतो. चूक समोरच्याची आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

माझं पुण्यात जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. वर्षातून चार वेळा यादी छापतो आणि गिऱ्हाइकांना टपालाने पाठवतो. शहाऐंशी साली डोक्यात आलं की पुस्तकं जमवणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी एक लहानशी पुस्तिका काढावी, आवृत्त्या कशा ओळखाव्यात यावर. गरज होतीच. आपल्याकडे जो तो पुस्तक पुढे करतो आणि छातीठोकपणे "पहिली आवृत्ती" म्हणतो. खरी पहिली आवृत्ती म्हणजे पहिल्यांदा जुळवलेल्या टाइपातून पहिल्यांदा छापलेली प्रत. तीच जुळणी ठेवून पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण, मग प्रकाशक त्यावर "दुसरी आवृत्ती" असं कितीही ठळक छापो. काही प्रकाशक तर एकदाच दोन हजार छापतात, हजारांना "पहिली" म्हणतात आणि उरलेल्यांना नवं शीर्षकपान लावून "दुसरी" करतात, म्हणजे पुस्तक धडाधड खपतंय असं वाचकाला वाटतं. मजकुरात हात घातला की सुधारित आवृत्ती. पुठ्ठ्याच्या बांधणीची ती ग्रंथालय आवृत्ती, हलक्या कागदाची नि खळीने चिकटवलेली ती जनआवृत्ती. दोन फाटक्या प्रतींची मिळून एक धड केली तर तिला मी जोडप्रत म्हणतो. आणि अगदी शेवटचा प्रकार बनावट: आतलं पुस्तक नंतरचं, वर शीर्षकपान पहिल्या आवृत्तीचं, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायला मोकळे.

प्रत्येक प्रकाराचा फोटो द्यायचा होता. बाकी सगळ्यांचे नमुने मिळाले, पण बनावटीचा मनासारखा मिळेना. छापखाना रोज विचारत होता. अशात पांढुर्ण्याच्या एका वाचनालयाकडून एक पुस्तक आलं. संत्र्याच्या बागेची निगा कशी राखावी, यावर कोण्या बागाईतदाराने पदरमोड करून छापलेलं, शहाण्णव पानांचं. मुंबईचे एक संग्राहक शेतीची जुनी पुस्तकं जमवतात, त्यांच्यासाठी मी यादीत ते मागितलं होतं. शीर्षकपानावर "आवृत्ती पहिली, १९५०" असं स्वच्छ होतं. मी मधेच उघडलं तर त्रेचाळिसावं पान आलं. त्यावर झाडांवर फवारायच्या औषधाची कृती होती: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर, आणि शेवटी मोरचुदाचा भाव नव्या पैशांत.

आता पन्नास साली या देशात किलो कुठले, लिटर कुठले आणि नवे पैसे तरी कुठले? मला पुढचं पान उलटायची गरज वाटली नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. ज्याची वाट पाहत होतो ते टपालाने घरपोच आलं होतं. मी शीर्षकपान आणि हे पान, दोन्हींचे फोटो काढून घेतले, छपाईसाठी ब्लॉक करायला दिले, खाली ओळ जुळवायला सांगितली: "पांढुर्णा येथील एका वाचनालयाकडून विक्रीस आलेली बनावट प्रत." पुस्तक परत पाठवलं आणि वेगळं पोस्टकार्ड टाकलं. पाकिटाला जास्त पैसे पडतात म्हणून कार्ड. त्यावर तोच शब्द, "बनावट", खाली रेघ मारून.

तीन आठवड्यांनी वाचनालयाच्या चिटणिसांचं पत्र आलं, गजभिये गुरुजींचं. निवृत्त शिक्षकाचं वळणदार अक्षर. लिहिलं होतं की ही प्रत पन्नास सालापासून वाचनालयाच्या दाखल रजिस्टरात आहे. ती बनावट असेल तर खरी कुठे गेली, असं लोक विचारत आहेत. दहा वर्षं कपाटाची किल्ली आपल्याजवळ आहे, म्हणून आपल्यालाच विचारत आहेत. तेव्हा मी एकदा येऊन पुस्तक नीट पाहावं. आणि शेवटी: "येण्याजाण्याचा खर्च मी देईन."

त्या शेवटच्या वाक्याचा मला राग आला. पुस्तक नीट पाहावं म्हणजे काय? तीस वर्षं मी दुसरं काय करतो आहे? मी त्याच आठवड्याचं तिकीट काढलं.

पांढुर्णा

डिसेंबरची सकाळ होती आणि थंडी पुण्यापेक्षा बोचरी. गुरुजी स्टेशनवर आले होते. पांढरा सदरा-पायजमा, गळ्यात मफलर, हातात सायकल. साठी ओलांडलेला, सडपातळ, सावकाश बोलणारा माणूस. भांडणाची पहिली दोन वाक्यं मी गाडीत घोकून ठेवली होती, पण त्यांनी माझी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि म्हणाले, "पहिले पोहे खाऊन घ्या जी. मंग पाहू बाकीचं."

पोह्यांवर लाल तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, ओतून देतात हे मी ऐकून होतो. ऐकणं वेगळं. दुसऱ्या घासाला मला उचकी लागली ती थांबेचना. गाडीवाला, आजूबाजूचे चार-पाच जण, सगळे गंभीर चेहऱ्याने बघत होते. गुरुजींनी शेजारच्या ढिगातून एक संत्रं उचललं, सोललं आणि दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. उचकी थांबली. पुण्यात संत्रं आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात, तेही मोजून चार. इथे बाजारात ते ढिगाने पडलेलं होतं आणि एक उचलल्याबद्दल कोणी कोणाकडे बघतही नव्हतं.

"पुस्तक कुठे आहे?" मी विचारलं.

"कपाटात हाय. पन किल्ली आता अध्यक्षाजवळ हाय. मीच नेऊन देली. संध्याकाळी पाचले खोलतेत वाचनालय."

म्हणजे दिवसभर ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच घरी पाहुणा. गुरुजींचं घर जाम नदीच्या पलीकडे, सावरगावात. नदीत पाणी थोडं, धोंडे फार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं इथे एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार इथलीच, हे पुलावर आल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तसं म्हणालो. गुरुजी म्हणाले, "थे एका दिवसाचं असते जी. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून सगळे एकाच दुकानात चहा पितेत."

घर दोन खोल्यांचं, शेणाने सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि फळीवर पुस्तकांची रांग. सवयीने मी रांगेकडे पाहत होतो. गुरुजींच्या बायकोने, शांताबाईंनी, ते पाहिलं.

"पाहून घ्या," त्या म्हणाल्या. "गावातल्या लोकायनं बी पाहून घेतलं हाय. इथं नाही सापडलं कोनाले."

मी मान खाली घालून पाटावर बसलो. जेवायला ज्वारीची भाकर आणि सोलेवांगे, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे घालून केलेली वांग्याची भाजी. माझी सकाळची उचकी गुरुजींनी घरी सांगितली असावी, कारण माझ्या ताटातल्या भाजीत तिखट जवळपास नव्हतंच. आमच्याकडे पाहुण्याला जेवणार का असं विचारतात. इथे ताट वाढूनच ठेवतात, आणि तुमच्याबद्दल मनात काय आहे याचा वाढण्याशी संबंध नसतो. बाई वाढत होत्या आणि गुरुजींकडे हात करून बोलत होत्या.

"तुमच्या कार्डानं का झालं सांगू का? पोस्टमननं वाचलं. चहावाल्यानं पोस्टमनले इचारलं. संध्याकाळी माह्या भाच्यानं घरी येऊन सांगितलं. यायच्या हाती कार्ड भेटलं दुसऱ्या दिवशी."

"राहू दे ना," गुरुजी म्हणाले.

"काहून राहू देऊ? दुसऱ्या कोनाजवळ किल्ली असती तं लोक म्हनले असते, काही चुकी झाली असंन. यायच्याजवळ होती म्हनून चोरी झाली. घ्या जी, भाकर घ्या."

गाडीत घोकलेली दोन्ही वाक्यं मी तिथेच सोडून दिली. तरी मनातला विक्रेता शाबूत होता. तो म्हणत होता, वाईट झालं खरं, पण किलो तो किलोच.

पाचला वाचनालयात गेलो. एक लांब खोली, दोन कपाटं, वर्तमानपत्रांची फळी, भिंतीवर जुन्या सूचना. अध्यक्ष कापडाचे व्यापारी, तोंडाने गोड. आठ-दहा सभासद आधीच बसले होते. गुरुजी आत येताच बोलणं थांबलं आणि वर्तमानपत्रं वर गेली. गुरुजी दाराजवळच्या बाकावर बसले. दहा वर्षं ज्या खुर्चीत बसत ती मोकळी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

अध्यक्ष म्हणाले, "पाहा जी, आमचं म्हननं गुरुजीवर बिलकुल नाही. पन रजिस्टरात पहिली लिवली हाय, आन् तुमी लिवून पाठवता बनावट. मंग आमी का मतलब समजाचा?"

त्यांनी पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. मी चष्मा पुसला आणि या वेळी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

पंधराव्या पानावर शेणखताचं माप मणात होतं. एकविसाव्यावर मजुरी आण्यांत. चाळिसाव्यावर पाणी गॅलनमध्ये. त्रेचाळीस आणि त्याच्या पाठीचं चव्वेचाळीस, तेवढ्यावरच किलो आणि लिटर. पंचेचाळिसाव्यावर पुन्हा गॅलन. मी पुस्तक दिव्याखाली धरून शिवणीपर्यंत उघडलं. शिवणीत अर्ध्या बोटाची एक जुनी पिवळी पट्टी होती, कापलेल्या पानाची, आणि त्या पट्टीला हे नवं पान खळीने चिकटवलेलं होतं. कागद वेगळा, टाइपही वेगळा. शहाण्णव पानांच्या अस्सल पहिल्या आवृत्तीत एक पान बदललेलं होतं आणि मी नेमकं तेच पाहून निकाल दिला होता.

दुकानात नवीन माणूस ठेवला की त्याला मी पहिल्या दिवशी सांगतो, शीर्षकपानाआधी शिवण बघ. मी स्वतः ती बघितली नव्हती, कारण मला नमुना हवा होता.

"प्रत बनावट नाही," मी म्हणालो. "पहिलीच आवृत्ती आहे. एक पान तेवढं नंतर लावलंय."

मला वाटलं, झालं. पण एक सभासद वर्तमानपत्रामागून म्हणाला, "कोनं लावलं मंग?" आणि सगळ्यांनी एकदम दाराकडे पाहिलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मले माहीत नाही." ते खरं बोलत होते आणि त्या खोलीत ते कोणालाच पुरेसं नव्हतं. खरं पान कापून ठेवलं, खोटं चिकटवलं, असंही कोणी म्हणू शकत होतं. चोरी पुस्तकावरून पानावर आली होती एवढंच.

मग मात्र मी माझी तीस वर्षं कामाला लावली. त्या पानावर जिथे जिथे "ळ" आला होता तिथे त्याच्या उजव्या गाठीला एक टवका उडालेला होता. एखाद्या छापखान्यातला टाइप असा जखमी असला की तो अनेक वर्षं तसाच छापत राहतो. मी उठलो आणि भिंतीवरच्या सूचना वाचत सुटलो. लोकांना वाटलं, पुण्याचे गृहस्थ लाजेने तोंड लपवताहेत. "पुस्तके वेळेवर परत करावीत." "वाचनालयात थुंकू नये." पिवळी पडलेली तिसरी सूचना होती: "मोठ्याने वाचू नये, पाने दुमडू नयेत, वेळ पाळावी." तिच्यातल्या "वेळ" आणि "पाळावी" दोन्हींतल्या "ळ"ला तोच टवका. खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि गाव: सौंसर.

"हा छापखाना आहे अजून?" मी विचारलं.

"छापखाना तं कधीच बंद झाला," गुरुजी बाकावरूनच म्हणाले. "पन भाऊरावजी कंपोझिटर हायेत. घर माहीत हाय मले."

सौंसर

सकाळच्या बसने आम्ही दोघं निघालो. पुस्तक अध्यक्षांनी माझ्या हाती दिलं, गुरुजींच्या नाही, आणि गुरुजींनी ते पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मधे कापसाची शेतं, वेचणीला आलेल्या बायका. माझ्या शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसल्या होत्या. त्या कोंबडीने माझ्या नव्या स्वेटरचा एक धागा चोचीत धरला आणि रस्ताभर उसवत नेला. बाई म्हणाल्या, "काही करत नाही जी थे." मी पोरकटासारखा हसत सुटलो. आदल्या दुपारपासून पहिल्यांदाच.

मग गुरुजींनी विचारलं, "तुमच्या पुस्तिकेत या पुस्तकाचं का लिवलं हाय?"

मी सांगितलं. फोटो, खालची ओळ, सगळं. आज बुधवार, आजच तो फर्मा, म्हणजे त्या पानांचा जुळवलेला टाइप, मशीनवर चढणार आहे, हेही सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "कार्ड तं फाटून जाईन जी. छापलेलं राहते." बस आणखी हळू चालली आहे असं मला वाटायला लागलं.

टाइप जुळवणारे हे भाऊरावजी छोट्या रेल्वेच्या रुळांजवळ राहत. सत्तरीच्या पुढचे, दोन्ही हातांची बोटं शाईने कायमची काळी. अंगणात उन्हाला बसून लसूण सोलत होते. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही, पानावरून अंगठा फिरवला.

"हे? हे तं माह्याच हातचं हाय," ते म्हणाले. "हा ळ पाहा ना. मालकाले किती बार म्हनलं, बदला म्हनून."

गुरुजी पुढे वाकून ते पान पाहू लागले.

मग भाऊरावजींनी सांगितलं ते असं. जुन्या पुस्तकात फवारणीची कृती होती पाच पौंड मोरचूद, पाच पौंड चुना, पन्नास गॅलन पाणी. पुढे सरकारने मापं बदलली. "लिटरचे डबे नवीन नवीन आले होते. तिगावकडच्या एका बागवाल्यानं पुस्तक नेलं आन् पन्नास गॅलनच्या जागी पन्नास लिटरच पानी टाकलं. औषध झालं चौपट जहाल. फवारलं ना जी सगळ्या बागेवर. पाला असा जळला, जसा वणवाच लागला. मंग थ्या वक्तीचे चिटणीस आले माह्याकडं. म्हने, भाऊराव, हे पान नवीन जुळवून दे, नाही तं आणखी कोनाची बाग जाईन. पंचवीस पानं छापली. लोधीखेड्याले, सावरगावले, ज्याच्या ज्याच्याजवळ हे पुस्तक होतं त्याले नेऊन देली. मी सोताच चिटकवली."

ते चिटणीस वारून पंधरा वर्षं झाली होती. गुरुजींना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"पण भाऊरावजी," मी म्हणालो, "पान नवीन आहे असं त्यावर लिहायला हवं होतं. तळाला एक ओळ तरी."

"कोनाले सांगाचं जी? वाचनाऱ्याले बाग वाचवाची होती."

"आणि मोरचुदाचा भाव? तोही मूळ पुस्तकात होता?"

म्हातारा ओशाळला. "नाही. खाली दोन ओळीची जागा उरली होती. रिकामी कशी सोडाची? मंग दुकानात जाऊन भाव इचारून आलो आन् टाकून देला."

या नव्या पैशांवर तर मी माझ्या पुस्तिकेत सात ओळी लिहिल्या होत्या, भेसळ करणारे लोक तपशिलात कसे सापडतात म्हणून. मी त्या अंगणात उभा राहून इतका हसलो की भाऊरावजींनी लसूण खाली ठेवला.

तरी वाचनालयातली वर्तमानपत्रं माझ्या डोळ्यांपुढे होती. तोंडी सांगून ती खाली यायची नव्हती. मी विचारलं, छापलेल्या कामांची फाइल आहे का? जुन्या वळणाचे छापखाने प्रत्येक कामाचा एक नमुना आणि ज्यावरून जुळणी केली तो मजकूर एकत्र लावून ठेवत. भाऊरावजी आत गेले. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने रद्दीत काढलेल्या फाइली ते घरी घेऊन आले होते, आणि आता त्यावर धान्याचे डबे ठेवलेले होते. आम्ही तिघांनी डबे उतरवले. चौथ्या फाइलीत टाचणीने लावलेलं ते निघालं: नव्या पानाचा नमुना, आणि त्याच्यामागे पिवळं, कोपरा उंदरांनी खाल्लेलं मूळ पान. पाच पौंड, पन्नास गॅलन. कडेला लाल पेन्सिलीने खुणा.

मी ते पान पुस्तकातल्या पट्टीला लावून पाहिलं. कात्री थोडी तिरकी चालली होती, मधे एक दाता होता. दात्यात दाता बसला.

"बसलं," मी म्हणालो.

गुरुजींनी मफलर काढला, तोंड पुसलं आणि तो पुन्हा गळ्यात घालायला विसरले. त्यांना रडू आलं होतं आणि ते लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही. मलाही आलं. मी फाइल परत बांधत बसलो.

तिथून आम्ही जवळजवळ धावत पोस्टात गेलो. पुण्याला ट्रंककॉल लावला आणि अडीच तास बाकावर बसलो. गुरुजी मधे उठून भजी घेऊन आले. मला एक घास गेला नाही. लागला तेव्हा छापखान्याचे मालक माझा आवाज ऐकताच ओरडायला लागले, की रागावू नका, दोन दिवस वीज नाही, मशीन बंद आहे, तुमचा फर्मा अजून चढलेलाच नाही. मी म्हणालो, चढवूच नका. बनावटीचं पान काढून टाका. ते म्हणाले, मग त्या जागी काय? मी म्हणालो, कोरी राहू द्या. माझा जीव असा भांड्यात पडला की फोन खाली ठेवून मी गुरुजींच्या हातातली गार भजी सगळी खाल्ली, मिरचीसकट. उचकी लागली नाही.

पुन्हा पांढुर्णा

संध्याकाळी वाचनालय भरलेलं होतं. आम्ही सौंसरला गेल्याची बातमी अर्थातच पसरली होती. मी टेबलाजवळ उभा राहिलो आणि सगळं क्रमाने सांगितलं: तिगावची बाग, पंचवीस पानं, फाइल. पट्टीला जुनं पान लावून दाखवलं. ते हातोहात खोलीभर फिरलं. मग मी म्हणालो की मी एक पान पाहिलं आणि पंचाण्णव पाहिली नाहीत. मला नमुना हवा होता म्हणून मी तो शोधून काढला. गजभिये गुरुजींनी काहीही बदललेलं नाही, काहीही नेलेलं नाही, आणि माझ्यामुळे त्यांच्यावर जे आलं त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. हे बोलायला मला बसमध्ये वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. उलट बरं वाटलं.

शांताबाई दारात उभ्या होत्या. वाचनालयात त्या कधी आल्या नव्हत्या असं नंतर कळलं.

"मांगच्या लोकायले ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "परत एक बार सांगा."

मी परत एकदा सांगितलं, मोठ्याने. मागे फारसे लोक नव्हते. अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "गुरुजी, आमचं बी चुकलं." गुरुजींनी किल्ली लगेच घेतली नाही. ज्याने आदल्या दिवशी "कोनं लावलं मंग?" विचारलं होतं त्या सभासदाकडे त्यांनी पाहिलं. तो उठला, अध्यक्षांच्या हातातून किल्ली घेतली आणि स्वतः नेऊन गुरुजींच्या हातात ठेवली. मग ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने कोणी तरी येऊन कालचं वर्तमानपत्र मागितलं आणि गुरुजींनी ते शोधून दिलं.

जुनं पान लावून नवं काढायचं का, असं मी विचारलं. संग्राहकाला तशी प्रत फार आवडली असती. सभासदांनी पाच मिनिटांत ठरवलं: लिटरवालं पान आहे तिथेच राहील, गॅलनवालं पाकिटात घालून शेवटी ठेवायचं, आणि पुस्तक आता विकायचं नाही. मी हो म्हणालो. माझ्या पुस्तिकेत या प्रतीला बसेल असा प्रकारच नव्हता. पहिलीही होती, सुधारितही होती, आणि सुधारणारे लेखक-प्रकाशक नव्हते, वाचणारे होते. पुढे मी त्या कोऱ्या पानावर हा नवा प्रकार लिहिला, गुरुजींना विचारून.

तिसऱ्या दिवशी गुरुजी मला स्टेशनवर सोडायला आले. शांताबाईंनी भाकरी आणि एका पिशवीत चाळीसेक संत्री दिली होती. मी इतका हलका झालो होतो की फलाटावर भलतंच बडबडत होतो. गाडीचा सिग्नल पडला तेव्हा गुरुजी म्हणाले, "एक इचारू का जी?"

"विचारा ना."

"अशे कार्डं तुम्ही आणखी कोना कोनाले पाठवले होते?"

ते टोचून बोलत नव्हते. एखाद्या मुलाला बेरीज पुन्हा करून पाहा म्हणावं, तसं विचारत होते. मी हसून काही तरी सांगणार होतो, पण तोपर्यंत मनात नावं यायला लागली होती. वहीत पाहायची गरज पडली नाही. तीन. तिघांच्याही कार्डावर मी त्या शब्दाखाली रेघ मारली होती, आणि शिवण कोणाची पाहिली होती ते मला आठवत नव्हतं.

"तीन," मी म्हणालो.

"मंग जाऊन पाहा," गुरुजी म्हणाले. गाडी आली, त्यांनी संत्र्यांची पिशवी खिडकीतून आत दिली.

नागपूरला गाडी बदलली. पुण्याचं तिकीट खिशात होतं. तिघांतले एक वर्ध्याला राहत होते, आणि पुण्याची गाडी वर्ध्यावरूनच जाते. मी वर्ध्याला उतरलो.